चालवणाऱ्याची सवय

खोटं बोललात तुम्ही. काचेच्या शोरूममध्ये, थंड हवेत बसून धडधडीत खोटं बोललात. गाडी तीनदा तुमच्या दारात आणली. तीनदा तुम्ही ती सपाट हायवेवर रिकामी पळवलीत आणि सांगितलंत, "गाडीत काही दोष नाही, मॅडमची चालवायची सवय सुधारा." अरे, घाटात एकदा तरी चढवून बघितलीत का?

जिनलचं दुकान धडगावला. बाजाराच्या दिवशी ब्लाउजपीस, परकर, लेसचे गठ्ठे भरायचे आणि तळोद्याहून चांदसैली घाट चढून जायचं. क्लच नको, गिअर टाकणं नको, बाईमाणसालाही सोपी, असं म्हणून ही सात सीटची गाडी तिच्या सासऱ्यांच्या गळ्यात तुम्हीच मारलीत. आता ती चढणीवर झटके खाते, तर दोष बाईमाणसाचा! सासऱ्यांनी, सुभाषचंदांनी, तुमचं ऐकलं आणि निकाल दिला. मुलगा पुनीत गाडी घाटातून नेईल. त्याच्या हाती नीट चढली तर सुनेने गाडीची किल्ली परत करायची, दुकानाला कुलूप.

म्हणून आज स्टिअरिंगवर नवरा, आणि जिनल मागे सासू उमरावबाईंशेजारी, गठ्ठ्यांत चेपलेली.

"बघ, याला म्हणतात चालवणं," पुनीत आरशातून म्हणाला.

पुढच्याच वळणावर गाडीने गचका दिला. इंजिन बोंबललं, चाकांना मात्र त्याचा पत्ता नाही. गाडी मागे घरंगळायला लागली. पुनीतने ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, तरी पाय जरा सैल झाला की गाडी सरके. गिअरचा दांडा 'डी'वर, म्हणजे पुढे जाण्याच्या खुणेवर, अडकला तो अडकलाच. पार्किंगचा 'पी' काही लागेना.

जिनलने मागच्या सरकत्या दाराचं बटण दाबलं. नुसती टिंगटिंग. गाडी 'पी'मध्ये असल्याशिवाय दार उघडत नाही, ही म्हणे तुमची सुरक्षा! बाहेर दरी, आत सासूचा ऑपरेशन केलेला गुडघा आणि छतापर्यंत गठ्ठे. पुढे सरकायलाही जागा नाही.

"सांगत व्हता ना, एक दममा चढाई देसू?" उमरावबाईंनी मुलाला टोला हाणला.

मागून, घाटात प्रवासी नेणाऱ्या उदेसिंगची भरलेली जीप येऊन थांबली. तो उतरला, चाकांमागे दगड लावले आणि खिडकीशी आला.

"शेठ, सेकंडमा टाका, आम्ही ढकलतस."

"सेकंड नाही याच्यात. डी आहे."

"डी म्हणजे काय, दरी?" जीपच्या टपावरची माणसं खदखदून हसली. उदेसिंग म्हणाला, "पण ब्रेकवरचा पाय काढू नका शेठ, दगड बारीक शेतस."

पुनीतचे कान लाल झाले. त्याने तुमच्या सर्व्हिसवाल्याला फोन लावला आणि स्पीकर चालू करून मांडीवर ठेवला. सगळं ऐकून तुमचा माणूस कंटाळल्या आवाजात म्हणाला, "मॅडमच चालवत होत्या का?"

पुनीतने एकदा आरशात पाहिलं. एकदा जीपकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "तीच."

"वाटलंच. गाडी सुभाषचंदशेठच्या नावावर आहे ना? त्यांना कळवून टाकतो."

आयुष्यभर ज्या माणसाशेजारी बसायचं, तो दोन हातांच्या अंतरावर बसून जिनलचं दुकान बंद करत होता. आणि तिला खाली उतरायलाही दार नव्हतं. तिने सासूकडे पाहिलं. उमरावबाईंनी मान खाली घातली.

मग जिनलने एक गठ्ठा उचलून मागे फेकला, दुसरा फेकला, आणि दोन सीटांच्या मधून डोकं पुढे काढलं. पुनीतचा हात फोनकडे गेला, तो तिने मनगटाला धरून थांबवला.

"साहेब, फोन ठेवू नका. सासऱ्यांना काय कळवायचं ते आत्ताच ठरू दे." ती नवऱ्याकडे वळली. आवाज इतका चढला की टपावरची माणसंही वाकून बघायला लागली. "अहो, यांना सांगा. आत्ता या क्षणाला ब्रेकवर पाय कोणाचा आहे? बोला!"