निघण्याआधी घटकाभर

ताइसियाने डिकीतलं घोंगडं बाजूला सारलं आणि मिठाच्या डबीऐवजी तिच्या हाताला दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा लागला. तिने घोंगड्याचं टोक आणखी उचललं. खाली नमद्याचे, गुडघ्यापर्यंत येणारे हिवाळी बूट आडवे ठेवलेले होते. डाव्या बुटाच्या टाचेला तपकिरी कातड्याचं ठिगळ होतं. ते तिच्या नवऱ्याने, प्रोखोरने, वारण्याच्या आदल्या हिवाळ्यात लावलं होतं, आणि हात थरथरत असल्यामुळे वाकडं लावलं होतं. बूट तिचेच होते.

जुलैचं ऊन मी म्हणत होतं. रस्त्याच्या कडेला दोन बायका बादल्यांत काकड्या घेऊन बसल्या होत्या आणि ताइसियाची मुलगी इंगा त्यातल्या कोवळ्या कोवळ्या निवडत होती. ताइसियाने घोंगडं होतं तसं पसरलं, मिठाची डबी शोधली आणि डिकी लावली.

"सापडलं मीठ?" इंगाने विचारलं.

"सापडलं."

दोघी गाडीला टेकून काकड्या खायला लागल्या. सुझ्दाल आता जवळच आलं होतं. तिथे कुठे उतरायचं, कुठे जेवायचं, कुठल्या पुलावर फोटो काढायचा, हे इंगा भरल्या तोंडाने सांगत होती आणि ताइसिया हो हो म्हणत होती. बूट अनफीसासाठी असतील, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. अनफीसा तिची धाकटी जाऊ. कोस्त्रोमाच्या पलीकडे, प्रोखोरच्या खेड्यात, एकटी राहायची, आणि या प्रवासाचा शेवटचा मुक्काम तिच्याकडेच होता. त्या खेड्यातली थंडी हाडं फोडते. आईचे जुने बूट काकूला दिले तर बिघडलं कुठे? विचारायला हवं होतं, एवढंच. पण इंगा विचारण्याच्या भानगडीत कधी पडली होती? अनफीसाचं पाऊल आपल्यापेक्षा चांगलं दोन बोटं मोठं आहे, ही गोष्ट ताइसियाने त्या वेळी मनात येऊ दिली नाही.

आयुष्यभर तिने कालूगातल्या एका मधाच्या केकांच्या कारखान्यात काम केलं होतं. लाकडी साच्यात कणीक दाबायची, साचा उलटा करून ठोकायचा, की केकवर एखाद्या शहराचं चित्र उठायचं. व्लादिमीरचा सोनेरी दरवाजा, सुझ्दालचे घुमट, व्होल्गाकाठचं कोस्त्रोमा. ही गावं तिने हाताने किती वेळा उठवली याला गणती नाही, आणि डोळ्यांनी त्यांतलं एकही पाहिलं नव्हतं. सुट्ट्या मिळाल्या त्या प्रोखोरच्या खेड्यात गवत कापण्यात गेल्या. तिथे जायचं तेही रात्रीच्या आगगाडीने, वाटेतलं काही न दिसता. म्हणून जूनमध्ये तिच्या वाढदिवसाला इंगा म्हणाली, "आई, यंदा केकवरची गावं दाखवते तुला," तेव्हा ताइसिया स्वयंपाकघरात गेली आणि कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून रडली. पोरगी तोंडाने फटकळ असली तरी मनाने माझी आहे, असं ती त्या नळाला सांगत होती.

निघायच्या दिवशी रीतीप्रमाणे सगळे बसले होते. प्रवासाला निघण्याआधी जाणाऱ्यांनी आणि राहणाऱ्यांनी दार लावून घटकाभर गप्प बसायचं, आणि घरातल्या थोराने "चला, देवाचं नाव घेऊन" म्हटलं की उठायचं. त्याआधी कोणी उठत नाही. लहानपणी इंगाला हे गप्प बसणं जमायचं नाही. पाय हलवत राहायची, आईच्या तोंडाकडे टक लावून बघायची, पण उठायची मात्र नाही. त्या दिवशी ताइसिया सुटकेसवर बसली, इंगा दाराशी, आणि नात लेरा, जिचे दिवस भरत आले होते, ती आजीच्या पलंगावर. लेरा आणि तिचा नवरा लग्नापासून भाड्याच्या खोलीत राहत होते. ताइसियाने शब्द उच्चारला, सगळे उठले, आणि लेराने तिला मिठी मारली ती सोडेचना. पोटातलं बाळ दोघींच्या मधे लाथा मारत होतं.

"अगं, पंधरा दिवसांत येतेय मी," ताइसिया हसत म्हणाली होती. लेराने मान हलवली आणि ती न्हाणीघरात निघून गेली.

सुझ्दाल पाहून झालं. घुमट केकवरच्यापेक्षा बुटके निघाले, अशी ताइसियाने तक्रारही करून पाहिली. इंगा नुसती हसली. हेच जरा चमत्कारिक होतं. एरवी रेडिओचा आवाज थोडा वाढला तरी घर डोक्यावर घेणारी ही बाई सगळ्या वाटेत एकदाही चिडली नव्हती. ताइसिया दर गावात गाडी थांबवायला लावी, चष्मा खोलीत विसरे, तेच तेच पुन्हा विचारी, तरी नाही. आई थकलीस का, आई खिडकी लावू का, आई तो रुमाल आवडला तर घे. सासरी निघालेल्या मुलीचे करावेत तसे लाड चालले होते. ताइसियाने ते करून घेतले. म्हातारपणी लाड कोणाला नको असतात?

कोस्त्रोमाला त्या नदीकाठी बसल्या. इंगाने माशाचं सारण भरलेले गरम पाव आणले होते. व्होल्गा एवढी रुंद असेल असं साच्यावरून काही वाटलं नव्हतं. साच्यात ती तीन वाकड्या रेघांची होती. ताइसियाने चपला काढून पाय पाण्यात सोडले आणि इतकं बरं वाटलं, की डिकीतल्या बुटांचा तिला विसरच पडला.

"पुढच्या उन्हाळ्यात लेराच्या बाळाला आणू इथे," ती म्हणाली. "मी धरीन त्याला, तू गाडी चालव."

इंगा मांडीवर सांडलेले पावाचे कण झटकत होती. कण संपले तरी झटकत राहिली.

"आणू," ती म्हणाली.

अनफीसा फाटकातच उभी होती, डोक्याला रुमाल बांधलेली, हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. तरुणपणी या दोन जावांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. दोघींचे नवरे गेले, भांडायला मजा राहिली नाही, आणि मग त्या सणासुदीला एकमेकींना फोन करायला लागल्या.

"आल्या एकदाच्या राणीसाहेब," अनफीसा म्हणाली आणि तिने थोरल्या जावेचे रीतीचे तीन मुके घेतले. "किती वाळलीस गं. शहरात उपाशी ठेवतात की काय?"

जेवायला कोबीचं सूप होतं, शेपू घातलेले नवे बटाटे होते, आंबट साय होती. इंगाने भराभर जेवण उरकलं आणि चाकातली हवा बघते म्हणून ती बाहेर पडली. अनफीसाने जावेला बाग दाखवायला नेलं. कांदा, बीट, काकड्यांचे वेल, आणि पार मागच्या कुंपणापर्यंत फुललेला बटाटा. पूर्वी तो विहिरीपाशीच संपायचा, हे ताइसियाला चांगलं आठवत होतं.

"एवढा बटाटा? एकटी खाऊन फुटशील."

"एकटी कशाला?" अनफीसाने वाकून तण उपटलं. "या विहिरीपलीकडच्या ओळी तुझ्या. इस्टरला इंगाचा फोन आला ना, की आई आता इकडेच राहायला यायचं म्हणतेय, तेव्हाच मी ठरवलं. मे महिन्यात शेजाऱ्याला म्हटलं, कुंपणापर्यंत नांगर बाबा, हिवाळ्यात आम्ही दोघी आहोत."

ताइसिया बटाट्याच्या ओळींकडे बघत राहिली. इस्टर एप्रिलात झाला. वाढदिवस जूनमध्ये. केकवरची गावं इंगाला जूनमध्ये आठवली, आणि त्याआधीच हा बटाटा जमिनीत गेला होता. राग यायला हवा होता, पण आधी आली ती लाज. नळ सोडून रडल्याची लाज, पाण्यात पाय सोडून बाळाच्या गप्पा मारल्याची लाज. शेजाऱ्याला ठाऊक होतं. लेराला ठाऊक होतं. कुंपणापर्यंतच्या मातीलासुद्धा तिच्याआधी कळलं होतं.

अनफीसाने मान वर केली आणि जावेचा चेहरा पाहून तिच्या हातातलं तण हातातच राहिलं.

"ताया? यायचं तू म्हणाली नव्हतीस?"

"बटाटा चांगला आलाय," ताइसिया म्हणाली.

ती तडक गाडीपाशी गेली. इंगा चाकांपाशी नव्हती. दूर रस्त्याच्या वळणावर, जिथे फोन लागतो तिथे, पाठमोरी उभी होती. ताइसियाने डिकी उघडून बूट काढले. बुटांखाली तिचा लोकरी कोट घडी करून ठेवलेला होता. तो तिने तिथेच राहू दिला. बूट छातीशी धरून तिने घरात आणले आणि चुलीच्या शेजारी, जिथे हिवाळ्यात सगळे बूट वाळत ठेवतात, तिथे जोडीने मांडले. मग बाकावर जाऊन बसली.

इंगा आत आली, बुटांवर तिची नजर गेली आणि ती दारातच थबकली. तिच्या मागोमाग आलेली अनफीसा कोंबड्यांचं निमित्त करून आल्या पावली परत गेली.

मग इंगा बोलायला लागली ती थांबेचना. लेराच्या खोलीत भिंतींना ओल आहे. जावयाच्या नोकरीचा भरवसा नाही. ती दोघं बाळाला घेऊन आपल्याकडे आली, तर दोन खोल्यांत इतकी माणसं कशी मावणार? इथली हवा चांगली, दूध चांगलं, आणि काकूलाही सोबत होईल. कायमचं कुठे म्हणतेय मी, बाळ जरा मोठं होईपर्यंत. यातलं काही खोटं नव्हतं. त्या दोन खोल्या कारखान्याने ताइसियाला दिल्या होत्या, हे तेवढं इंगाने बोलण्यात येऊ दिलं नाही. पण तिने समोर बसून विचारलं असतं, तर यातली निम्मी कारणं ताइसियानेच पुढे केली असती आणि बूटही स्वतःच बांधून घेतले असते.

इंगाचं बोलणं संपलं.

"मग ती गावं कशाला दाखवलीस?" ताइसियाने विचारलं.

"तुला पाहायची होती ना."

"पाहायची होती. परतही जायचं होतं."

इंगा रडायला लागली. एरवी ती रडली की ताइसिया उठून तिच्या पाठीवरून हात फिरवायची. या वेळी तिने हात मांडीवरच ठेवले. ते उचलायचं तिच्या जिवावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंगा निघाली. रजा संपत आली, असं ती अनफीसाला दोनदा म्हणाली. अनफीसाने लोणच्याच्या बरण्या गाडीत नेऊन ठेवल्या, लेरासाठी वाळवलेल्या आळंब्यांची माळ दिली. सुटकेस आणि कोट आत कधी आले ते ताइसियाने पाहिलं नाही. खिडकीपाशी तिच्यासाठी खाट लावलेली होती, वर नवी गोधडी होती, आणि ती त्या खाटेच्या अगदी कडेवर, पाहुणी बसते तशी बसली होती.

"बसू या," अनफीसा म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं. रीत चुकवून चालणार नव्हतं. ती चुलीपाशी बाकावर बसली. इंगा दाराजवळच्या स्टुलावर, हातात गाडीची किल्ली धरून.

खिडकीच्या काचेवर एक माशी आपटत होती. बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या. घटकाभर झाली तसं इंगाने आईकडे पाहिलं. अनफीसानेही पाहिलं. दोघी जावांत थोरली ताइसिया. शब्द तिनेच उच्चारायचा होता.

ताइसिया चुलीशेजारच्या बुटांकडे बघत होती. ते वाकडं ठिगळ काढून पुन्हा नीट लावून देतो, असं प्रोखोर म्हणाला होता. तिने लावू दिलं नव्हतं.

इंगाचा पाय हलायला लागला. तिने किल्ली या हातातून त्या हातात घेतली, पुन्हा आईच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तशीच पाहत राहिली.

"आई," ती हळूच म्हणाली.

या बसण्यात बोलायचं नसतं.

मग इंगा उठली. शब्द झाला नव्हता, तरी उठली. वाकून तिने आईच्या केसांवर ओठ टेकले, दार उघडलं आणि ते ओढून न घेताच पायऱ्या उतरली. गाडीचं दार वाजलं. इंजीन आधी नुसतंच घरघरलं, मग लागलं.

फाटकापर्यंत जावं, निदान हात तरी हलवावा, म्हणून अनफीसा गुडघ्यांवर हात रेटून उठू लागली.

"बस," ताइसिया म्हणाली. "मी अजून म्हटलेलं नाही."

अनफीसा परत बसली.