भोक पाडलेली मोहर

मी एक जुनी सोन्याची मोहर आहे. वजन चार ग्रॅमहून जरा जास्त, आणि वरच्या कडेजवळ एक गोल भोक. मित्रांनो, माझी गोष्ट त्या भोकाचीच आहे.

पहिल्या चार्ल्स राजाच्या कारकिर्दीत लंडनच्या टांकसाळीत हातोड्याखाली माझा जन्म झाला. माझ्या एका बाजूला राक्षसाला भाला मारणारा देवदूत आहे, दुसऱ्या बाजूला जहाज. माझ्या बहिणी बाजारात गेल्या. मला मात्र भोक पाडून पांढऱ्या फितीत ओवले. त्या काळी मानेला गाठी आल्या की लोक राजाकडे जात. त्याचा हात लागला की आजार जातो, असा समज होता. मग आजाऱ्याच्या गळ्यात माझ्यासारखी मोहर घालत. ती काढली तर आजार परततो, असेही म्हणत.

मी एका विणकराच्या टॅमसिन नावाच्या मुलीच्या गळ्यात आले. वर्षभरात तिच्या गाठी जिरल्या. माझ्यामुळे की आपोआप, हे मला सांगता येत नाही. कौतुक मात्र माझे झाले. चर्चमध्ये बायका मला बोट लावून जात.

दहा वर्षांनी बंड झालेल्या देशात राजाचा शिरच्छेद झाला आणि राजाची गादीच मोडीत निघाली. त्याच हिवाळ्यात टॅमसिनच्या धाकट्या भावाच्या, जाइल्सच्या मानेला गाठी आल्या.

"आता हात लावायला राजा कुठून आणू?" आई म्हणाली.

"माझी मोहर घाल त्याला," टॅमसिन म्हणाली.

"वेडी आहेस का? तुझ्या गाठी परत आल्या तर?"

शेजारची विनिफ्रेड दारातूनच बोलली, "अगं बाई, ज्याला स्वतःची मान राखता आली नाही, त्याचं सोनं पोराची मान राखणार होय?"

"ताई, नको काढूस," जाइल्स म्हणाला. "तुला काही झालं तर आई मलाच बोलेल."

फितीची गाठ सुटेना. टॅमसिनने ती दातांनी सोडली आणि मला त्याच्या गळ्यात बांधले.

त्यानंतर रोज सकाळी ती आधी स्वतःची मान चाचपायची, मग त्याची. तिच्या गाठी परतल्या नाहीत. जाइल्सच्या गेल्याही नाहीत. वाटाण्याएवढ्या होत्या, तेवढ्याच राहिल्या. पण तो जगला, मागावर बसला, म्हातारा झाला. मोहरेचा गुण गेला, असे सगळे म्हणू लागले. बायकांनी बोट लावायचे सोडले. त्याने मात्र मला कधी काढले नाही. कोणी विचारलेच तर म्हणायचा, "ताईनं स्वतःच्या गळ्यातली काढून दिलीय."

आज मी संग्रहालयात काचेखाली आहे. शेजारच्या चिठ्ठीवर लिहिले आहे: 'सदोष, भोक पाडलेली.'

मित्रांनो, कधी जुने नाणे हाती आले, तर ते घासून चकचकीत करू नका, त्याचे भोक बुजवू नका. त्या भोकाच्या वरच्या कडेवरून आधी हलकेच बोट फिरवा. माझी कड तिथे जाइल्सच्या गळ्यातल्या फितीने झिजून गुळगुळीत झाली आहे.