पाठीमागचे ढीग

"हा कोनाचा?" मागून तेजरामने विचारलं.

"तुलारामचा," जागेश्वर म्हणाला.

"अन् हा?"

"लीलाबाईचा."

जागेश्वर तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, ढिगांकडे पाठ करून बसला होता. मासोळ्यांचे सारखे ढीग लावायचे, तेजरामने एकेकावर हात ठेवायचा आणि जागेश्वरने न बघता नाव घ्यायचं, अशी या ढिवरवस्तीची वाटणी. ढीगच दिसत नाही म्हटल्यावर कोण कुणावर रुसणार? बापानंतर हा मान जागेश्वरकडे आला होता. बाप सगळी नावं एका दमात संपवायचा. जागेश्वरला मध्ये थांबून तंबाखू मळावी लागे. पोरांची लग्नं झाली की चूल वेगळी, आणि चूल वेगळी की ढीग वेगळा. तलाव मात्र होता तेवढाच. तेवढाच कसला, वरच्या अंगाने धानाच्या बांध्या, म्हणजे शेतं, तलावात सरकली होती आणि गाळाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्या उन्हाळ्यात लीलाबाईने आपला एवढासा ढीग पदराच्या गाठीत बांधून नेला.

जागेश्वरच्या धाकट्या पोराचं, योगेंद्रचं, नाव अजून वाटणीत नव्हतं. लग्न होऊन त्याची चूल नुकतीच वेगळी झाली होती. ढीग मिळाला नाही तर बायकोला, तृप्तीला, घेऊन तो तेलंगणात कामाला जाणार होता. थोरला मनिष असाच दोन वर्षांसाठी म्हणून गेला आणि तिकडचाच झाला. हाही गेला तर घरात आपण दोन म्हातारे, हे गोदावरीबाई नवऱ्याला रोज ताट वाढताना ऐकवायची. जागेश्वरलाही पोरगा डोळ्यांसमोर हवा होता. त्यात काय चुकलं त्याचं?

म्हणून पावसाळ्यातल्या बैठकीत त्यानेच सुचवलं की माशांची बोटभर पिल्लं यंदा दुप्पट सोडू. एकटा तेजराम कुरकुरला.

"पिल्लं दुप्पट, पन पानी तं तेवढंच हाय ना, भाऊ."

"पोटं वाढली तं मासोळ्याई वाढाले पायजेत," जागेश्वर म्हणाला.

सगळ्यांना ते पटलं. पटण्यासारखंच होतं. पुढच्या वाटणीत योगेंद्रचं नाव घ्यायचं हेही तिथेच ठरलं. गोदावरीबाईने त्या दिवशी गोड केलं.

पाऊस सरत आला तेव्हा पिल्लं वीतभर झाली होती. मग आभाळ दाटून राहिलं आणि वारा पडला. एका सकाळी जागेश्वर पारीवर आला, तर सगळा तलाव चपचप वाजत होता. या काठापासून त्या काठापर्यंत नुसती उघडी तोंडं. एवढ्या मासोळ्यांना पाण्यातली हवा पुरेना, त्या पाण्याबाहेर हवा शोधत होत्या. योगेंद्रने उडी घेतली, त्याच्या मागे वस्ती उतरली. हवा मिसळावी म्हणून काठ्यांनी, हातांनी पाणी बडवत राहिले. ऊन चढलं तसा आवाज मंदावत गेला आणि पांढरी पोटं काठाला लागली. खड्डा खणून सगळं पुरलं. जागेश्वरला कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

"मी जाऊन राहिलो, बाबा," योगेंद्र म्हणाला. "तुमी मनाले लावून घेऊ नका. एवढ्या लोकाईले हा तलाव पुरतच नाई."

जागेश्वर त्यांना लाखांदूरच्या स्टँडवर सोडून आला. वस्तीतली आणखी काही घरं त्याच महिन्यात कुलपं लावून गेली. तेव्हापासून जेवताना कुणी तोंडाने चपचप केलं की जागेश्वर घास खाली ठेवायचा. गोदावरीबाई शेवटी त्याला एकट्यालाच वाढू लागली.

पुढच्या पावसाळ्यात पिल्लं बेतानेच सोडली. उन्हाळ्यात जाळं ओढलं, तर मासोळ्या हातभर निघाल्या. जागेश्वर पाठ करून बसला. नावं भराभर होत होती, तंबाखूची वेळच आली नाही.

"हा कोनाचा?"

"योगेंद्रचा," तो म्हणून गेला.

हे नाव त्याने त्या जागी पहिल्यांदाच घेतलं होतं. मागे कुणी हसलं नाही. योगेंद्र तर तेलंगणात होता. चूक दाखवता आली असती, पण तेजरामने बाकीच्या ढिगांतल्या थोड्या थोड्या मासोळ्या काढून एक ढीग वाढवला आणि पुढच्या ढिगावर हात ठेवला.

"अन् हा?"

सगळे आपापला वाटा उचलून गेल्यावर जागेश्वर वळला. पळसाच्या पानांवर एक ढीग तसाच होता, चांगला मोठा. त्यातली एक मासोळी अजून तोंड उघडत होती.