निंबाखालचं शेवाळ

आमचे यजमान गजेंद्र मागच्या उन्हाळ्यात वाशीमला एका लग्नाला गेले आणि तिथल्या लॉनच्या प्रेमात पडून परत आले. नवरी कोण, नवरा कोण, हे त्यांना आजही सांगता येणार नाही. गवत मात्र डोळ्यांत बसलं. महिन्याभरात किन्हीराजातल्या आमच्या घरापुढचं अंगण उकरून त्यांनी तिथे हिरवळ लावली.

माझे सासरे चंपतमामाजी ओसरीवरून हे सगळं बघत होते. एकदा खाली उतरून त्यांनी गवताची काडी हातात घेतली आणि कपाळावर हात मारला.

"अरे, ही तं हरळी होय! माही सारी जिंदगी वावरातली हरळी उपटण्यात गेली, अन् हा लेक तेच इकत आणून राह्यला!"

ही बातमी त्यांनी पारावर सांगितली, पिठाच्या चक्कीवर सांगितली, शिरपूरच्या बसमध्येसुद्धा सांगितली. मग येणाराजाणारा गजेंद्रांना विचारायचा, "काय मंग, हरळीले काय भाव निघाला?" यजमान दातओठ खायचे.

पावसात हिरवळ झकास धरली. पण अंगणाच्या कोपऱ्यातल्या निंबाच्या बाजूला हिरव्यात दुसरंच हिरवं दिसू लागलं. मऊ, बुळबुळीत शेवाळ. पावसाळ्यात ते येणारच, कुठेही येतं. पण पाऊस गेला, सोयाबीन निघालं, रस्त्यावर धूळ उडायला लागली, तरी आमच्या अंगणातलं शेवाळ हटेना. उलट गवताला मागे सारून ते पुढे सरकत होतं.

यजमानांनी आधी ते लोखंडी पंज्यानं खरवडलं. मग फेरस सल्फेट आणून फवारलं. शेवाळ काळं पडलं, तेव्हा ते निवडणूक जिंकल्यासारखे अंगणात हिंडले. पंधरवड्यात ते पुन्हा हिरवं. शेवटी मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघितला. सावली असली, माती सारखी ओली राहिली, आणि पायाखाली दबून घट्ट झाली की शेवाळ धरतं, असं तो माणूस सांगत होता. मीही शेजारी बसून ऐकलं. आमच्या माणसानं त्यातलं एकच ऐकलं, सावली.

"निंबच तोडतो," ते म्हणाले. "झाडं तोडनाऱ्या हेमसिंगले सांगतलं. रविवारी मशीन घेऊन येते."

या घरात स्वयंपाकघर सासूबाईंचं, ओसरी मामाजींची, आता अंगणही यजमानांचं. माझ्या वाट्याला निंबाची सावली, तेवढीच. दुपारी कामं आटोपली की मी तिथे बाज टाकते, शेजारची बेबीबाई येते, आम्ही तुरी निवडतो आणि सगळ्या गावाची हजेरी घेतो. लग्न होऊन आले तेव्हा या घरात पहिल्यांदा मोकळी हसले, तीही तिथेच.

"पानी कमी करून पाहा ना आधी," मी म्हटलं.

"मी दिवसाआड देतो, तेबी थोडंसंच. त्यानं काय होते?"

मला राग आला की मी भांडी आपटते. त्या दिवशी एक पातेलं चेपलं.

शनिवारी दिवाळीच्या फराळाची घाई म्हणून मी पहाटेच उठले. बाहेर पाण्याचा आवाज येत होता. बघते तर मामाजी! धोतर खोचून, अनवाणी, हातात पाइप. गव्हाच्या वाफ्यात सोडावं तसं पाणी हिरवळीत तुंबवून उभे होते आणि पायाच्या बोटांनी गवत चाचपत होते.

"मामाजी, हे कधीपासून?"

ते दचकले. "लावलं तवापासून."

"रोज?"

"तहानलेलं गवत पाहवते का व?"

"अन् दिवसभर तं तुमी हसता याले!"

"हसतोच. लोकायसमोर." मग हळूच म्हणाले, "कोनाले सांगू नोको पोरी. गावात तमाशा होईन."

"या पान्यापायीच शेवाळ येऊन राह्यलं मामाजी. अन् त्यापायी उद्या निंब तुटून राह्यला."

त्यांनी नळ बंद केला आणि आत गेले.

दिवसभर ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. यजमानांना सांगितलं असतं तर निंब वाचला असता. पण म्हाताऱ्याचा तो कावराबावरा चेहरा आठवला की मी ते गिळून टाकायचे. शेवटी ठरवलं, मशीन सुरू होईपर्यंत थांबायचं, मग मात्र कुणाची भीड नाही.

रविवारी हेमसिंग दोर आणि मशीन घेऊन आला. बघायला निम्मी आळी जमली, बेबीबाई सगळ्यांत पुढे. मशीन घरघरलं. मी तोंड उघडणार, तोच ओसरीवरून मामाजी उठले.

"बंद कर रे ते!"

हेमसिंगनं बंद केलं.

"निंबाचा कसूर नाई. पानी मी देतो. रोज, पहाटे."

बेबीबाईनं पदर तोंडाशी नेला. यजमान बघतच राहिले. "तुमी? हरळीले?"

"हो, हरळीले!" मामाजींचे कान लाल झाले होते. "अन् निंब तोडू नोको. साधना कुठी बसन?"

साधना म्हणजे मी. इतक्या वर्षांत हा माणूस माझ्याशी चहा-भाकरीपलीकडे बोलला नव्हता. मी कुठे बसते हे त्यांना ठाऊक आहे, हेच मला ठाऊक नव्हतं.

हेमसिंगनं खालच्या दोनचार फांद्या तेवढ्या उतरवल्या, ऊन आत आलं. यजमानांनी दबलेली माती टोचून भुसभुशीत केली, वरून रेती पसरली. पाइप आता स्वयंपाकघरात खुंटीला आहे आणि माती सुकल्याशिवाय मी तो कुणालाही देत नाही. मामाजी सकाळी खुरपं घेऊन बसतात आणि उरलंसुरलं शेवाळ खरवडतात. परवा चक्कीवाला रामकिसन कुंपणाशी थांबला आणि त्यानं सवयीनं हरळीचा भाव विचारला.

"चप्पल काढ अन् आत ये," मामाजी म्हणाले. "पाय ठेवून पाह्य, मंग सांगतो."