संशयी घड्याळवाला आणि मी

मित्रांनो, आजवर साडेनऊ हजार माणसांची डोकी माझ्या पोटात येऊन गेली. मी मेंदूची चित्रे काढणारा एक जुना स्कॅनर आहे. दवाखान्याच्या तळघरात, जाड दाराच्या एका खोलीत माझे आयुष्य गेले. माझ्यात मोठे चुंबक आहे. लोखंडाची वस्तू जवळ आली की ते खेचून घेते. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाचे खिसे, केस, पट्टा सगळे आधी तपासतात. झडती दिलेला माणूस माझ्याकडे संशयानेच बघतो, आणि बघता बघता मलाही माणसांकडे तसेच बघायची सवय लागली.

कारखान्यात माझ्याभोवती मैलोन्मैल तार गुंडाळली गेली. दवाखान्यात आलो तेव्हा मी दारातून मावेना. मग भिंत फोडली, मला आत ढकलले आणि भिंत पुन्हा बांधून काढली. गवंडी हात झटकत म्हणाला, की आता हा पठ्ठ्या जन्मभर इथेच. ते खरे ठरले.

पहिली काही वर्षे गुडघे, पाठी, खांदे यांतच गेली. मग प्रोफेसर आले. त्यांना मनाच्या आजारांचा अभ्यास करायचा होता. ज्यांना नसलेले आवाज ऐकू येतात, कोणीतरी सतत आपल्या मागावर आहे असे वाटते, त्यांच्या मेंदूची घडण वेगळी असते का, हे त्यांना बघायचे होते. मेंदूवर सालीसारखा एक थर असतो, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीचा. तो मी मोजायचा होता.

निरोगी माणसे भराभर मिळाली. विद्यार्थी, परिचारिका, फाटकावरचे रखवालदार, सगळे पहिल्याच वर्षी येऊन झोपून गेले. आजारी माणसे मात्र सहजासहजी येत नसत. त्यांना गोळा करण्यात पुढची तीन वर्षे गेली. शेवटी आकडे हाती आले: आजारी माणसांचा थर पातळ, कपाळामागे तर बराच पातळ. प्रोफेसरांचे नाव झाले. माझ्या शेजारी उभे राहून त्यांनी फोटो काढून घेतले. मी फुगून गेलो, आणि एक गोष्ट मनातच ठेवली. ती पुढे सांगतो.

मला चालवणाऱ्या टेक्निशियन बाई स्वभावाने शंकेखोर. कुलूप लावले तरी तीनदा ओढून बघायच्या, लिफ्टवर भरवसा नाही म्हणून जिना चढायच्या. पण माझ्यावर त्यांनी कधी शंका घेतली नाही. रोज सकाळी त्या पाण्याने भरलेला एक गोळा आत ठेवून माझी परीक्षा घेत आणि मी रोज पास होत असे.

एके दिवशी चाळिशीचा एक घड्याळ दुरुस्त करणारा माणूस थोरल्या बहिणीबरोबर आला. त्याची ही दुसरी खेप. पहिल्या तपासणीनंतर एका डॉक्टराने बहिणीला जाता जाता सांगून टाकले होते, की याचा मेंदू झिजतोय. ती घाबरली. केसाएवढे भाग हाताळण्याचे काम आता याला झेपायचे नाही म्हणून तिने त्याचे दुकान बंद केले आणि हत्यारे कपाटात कुलूप लावून ठेवली. त्याला वाटले, बहीणसुद्धा आपल्या मागावर असलेल्या ‘त्यांना’ सामील झाली. दोन वर्षे तो तिच्या हातचा चहा आधी तिला प्यायला लावून मगच पीत होता.

माझ्यापुढे उभा राहून त्याने बाईंना विचारले, “मॅडम, माझे विचार यातून कुठे जातात?”

बाई चिडल्या नाहीत. त्यांनी त्याला पडदा दाखवला, यात आकार दिसतो, विचार दिसत नाहीत, असे समजावले. तरी त्याने टेबलाखाली वाकून पाहिले, पडद्यामागे हात घालून पाहिला, आणि मगच तो आडवा झाला. चित्रे काढताना मी एकामागून एक वेगवेगळे ठोक्यांचे आवाज करतो. ते सगळे ऐकून अर्ध्या तासाने तो बाहेर आला तो कपाळाला आठ्या घालूनच.

“तिसरा आवाज सुरू झाला की टेबल थरथरतं,” तो म्हणाला. “उजव्या बाजूला काहीतरी ढिलं आहे. मागच्या वेळीही होतं.”

बहीण ओशाळली. त्याचे मनावर घेऊ नका, त्याला सगळीकडेच काही ना काही दिसते, असे ती म्हणाली. बाईंनी वहीत ‘रुग्णाची तक्रार’ एवढेच लिहिले.

मित्रांनो, आता ती मनात ठेवलेली गोष्ट. तो खरे बोलत होता. प्रोफेसरांच्या अभ्यासाच्या पहिल्या वर्षानंतर माझी देखभाल झाली, तेव्हा टेबलाखालचा एक बोल्ट कोणीतरी नीट आवळला नव्हता. मी आवाज बदलून काम करतो, ते सांगितलेच. थराचे चित्र निघते त्या तिसऱ्या आवाजाला तो बोल्ट खडखडायचा, टेबल किंचित हलायचे आणि चित्राच्या कडा पुसट व्हायच्या. पुसट कडा मोजली की थर पातळ भरतो. सकाळची परीक्षा पहिल्याच आवाजावर व्हायची, म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही. मला बोलता येत नाही, हे खरे. पण कौतुक चालू असताना मला बोलावेसेही वाटले नाही, हेही खरे.

बाईंना मात्र चैन पडेना. दुपारी खोली रिकामी होताच त्यांनी कानांत बोळे घातले, तिसरा आवाज सुरू केला आणि टेबलाच्या उजव्या कडेवर तळहात ठेवला. टेबल हाताखाली थरथरत होते. मग त्यांनी पाण्याचा गोळा आत ठेवला. गोळ्याच्या कवचाची जाडी ठरलेली असते. तिसऱ्या आवाजावर ती पातळ भरली. त्यांनी जुनी वही काढली. निरोगी माणसे सगळी देखभालीच्या आधीची, आजारी माणसे सगळी नंतरची.

त्या प्रोफेसरांकडे गेल्या. आपल्या विरोधात कोणीतरी बाईंना फूस लावली आहे, असाच प्रोफेसरांना संशय आला.

“बाई, एका रुग्णाला भास झाला म्हणून तुम्ही चार वर्षांचं काम मोडीत काढताय?”

“सर, पाण्याच्या गोळ्याला भास होत नाहीत.”

प्रोफेसरांनी बाहेरचा इंजिनियर बोलावला. त्याने टेबलाखालची फळी उघडली. बोल्ट अर्धा बाहेर आलेला होता. तो आवळल्यावर गोळा बरोबर मोजला गेला. सगळे निघून गेल्यावर प्रोफेसर माझ्या टेबलावर बसून राहिले. मी आयुष्यात पहिल्यांदा कोणालातरी माझ्यावर न झोपता नुसते बसलेले पाहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या सहीने पत्र लिहून आपला निष्कर्ष मागे घेतला.

जे यायला तयार झाले त्यांची चित्रे पुन्हा काढली. फरक उरला, पण निम्म्याहून कमी. घड्याळवाल्याचा थर तर निरोगी माणसांच्या मापात बसला. प्रोफेसरांनी दोघा भावंडांना समोर बसवले. आजार खरा आहे, गोळ्या चालू ठेवा, पण मेंदू झिजतोय हे आम्ही चुकीचे सांगितले, असे ते म्हणाले. बहिणीने विचारले, मग दोन वर्षे मी याची हत्यारे कोंडून ठेवली, त्याचे काय?

ती भावाकडे वळली. “उद्या दुकान उघड.”

त्याने तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिले. “हे तुला कोणी सांगायला लावलं?”

“कोणी नाही. मीच सांगतेय.”

त्याचा विश्वास बसायला चार दिवस लागले, असे तिने नंतर बाईंना सांगितले. पाचव्या दिवशी त्याने दुकान उघडले. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू आपल्यावर पाळत ठेवतो, असे त्याला अजूनही वाटते. पण चहा तो आता आधी तिला प्यायला लावत नाही.

मित्रांनो, आता शेजारच्या खोलीत माझ्याहून ताकदवान स्कॅनर आला आहे. माझ्यावर विद्यार्थी हात बसवतात आणि जातात. एरवी माझ्यावर धूळ बसते. माझी मागणी फार नाही. माझे बोल्ट आवळत जा, आणि सगळ्या आवाजांवर माझी परीक्षा घेत जा. माझी चित्रे सुंदर असतात, म्हणून तर त्यांचा संशय धरा. आणि कोणाच्या मेंदूबद्दल काही ठरवण्याआधी त्या माणसाला टेबलावरून हात धरून उठवा, समोर बसवा आणि विचारा, आत काय झाले. तो काय सांगतो ते पुरते ऐका. मगच वहीत लिहा.