न झालेल्या लग्नाचा पुरावा

झालेल्या लग्नाचा दाखला लोकांना हातोहात मिळतो. न झालेल्या लग्नाचा मिळवताना माणूस मेटाकुटीला येतो. गिरगावच्या विल्माला हे ज्ञान वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी झालं, तेही दीड महिना चपला झिजवून.

लिस्बनला राहणाऱ्या स्टीव्हशी, म्हणजे तिच्या जुन्या कॉलेजमित्राशी, तिचं लग्न ठरलं होतं. तिथल्या नोंदणी कार्यालयाने वीस तारीख दिली होती. ती हुकली तर पुढची थेट दिवाळीनंतर. त्यांना हवा होता एकच कागद, विल्मा अविवाहित असल्याचा. पण त्या एका शपथपत्रावर आधी नोटरीचा शिक्का, मग राज्य सरकारचा, मग दिल्लीचा. पहिल्या नोटरीने रजिस्टरचा नंबर घातला नाही म्हणून खिडकीवरून कागद परत. दुसऱ्या खेपेला नंबर होता, तर फोटोवर सही नव्हती. चर्चच्या फादरनी बाप्तिस्म्याची नोंदवही उघडून दाखवली. लग्न झालं की त्याची नोंद तिथे समासात करतात, आणि विल्माचा समास कोरा होता. फादरांना याहून मोठा पुरावा नको होता. पण कोऱ्या जागेवर शिक्का मारणार कुठे?

त्यात दादरच्या वैभवने, तिचे कागद फिरवणाऱ्या एजंटने, नवं खुसपट काढलं. नुसतं तिचं शपथपत्र चालणार नाही, आईवडिलांपैकी कुणाचं तरी हवं. ते नसतील तर लहानपणापासून ओळखणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाचं. विल्माचे आईवडील केव्हाच गेले होते. वसईच्या मावशीला स्वतःचं नाव आठवत नव्हतं. टोरांटोहून चुलतभाऊ एल्रॉय मोठ्या उदारपणे लिहून द्यायला तयार झाला, तर त्याच्या कागदाला तिकडचे शिक्के लागणार. विल्माने फोन आदळला.

"शेजारीपाजारी कोणी नाय का, मॅडम?" वैभवने विचारलं.

होतं ना. समोरच्या चाळीत ब्याऐंशी वर्षांची आनंदीबाई होती. तान्ह्या विल्माला तिने अंघोळ घातली होती, आणि तीस वर्षांपूर्वी विल्माच्याच आईच्या स्वयंपाकघरात उभं राहून, आपल्या मुलाला, गौतमला, ख्रिश्चन बायको चालायची नाही, असं तिनेच ठणकावलं होतं. गौतमने मान खाली घातली, पुढे दुसरीकडे लग्न केलं. नाताळचा केक आणि गणपतीचे मोदक या घरातून त्या घरात जात राहिले. विल्मा आणि आनंदीबाई मात्र बोलल्या नाहीत.

विल्मा दातओठ खात तिच्या दारात गेली आणि काम सांगितलं. म्हातारीने एवढंच विचारलं की कधी जायचं.

नोटरी सुमेधाताईंचं ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं. त्यांनी शपथपत्र वाचून दाखवलं आणि नियमाप्रमाणे विचारलं, "आजी, ही आजवर अविवाहित आहे, हे तुम्हाला स्वतःला ठाऊक आहे?"

"ठाऊक नसायला काय झालं? मीच होऊ दिलं नाय."

टायपिस्टचे हात थांबले. विल्माच्या अंगाची लाहीलाही झाली. हे वाक्य ऐकायला ती तीस वर्षं थांबली होती, आणि ते आलं ते झेरॉक्सच्या गठ्ठ्यासमोर, एका परक्या टायपिस्टच्या देखत. सुमेधाताई हलकेच म्हणाल्या की एवढं लिहायची गरज नाही.

"लिवा," आनंदीबाई म्हणाली. "म्हंजे तरी कागद परत यायचा नाय."

त्यांनी ते लिहिलं नाही. म्हातारीने तीन पानांवर, एकेक अक्षर जुळवत, तीन सह्या केल्या, आणि फोटोवरही एक, कुणी न सांगता.

विल्माचा राग गेला नव्हता, आणि आता जाईल अशी तिची अपेक्षाही नव्हती. पण उतरताना जिना अरुंद होता. तिने म्हातारीचा दंड घट्ट धरला. ही पडली तर शपथपत्र पुन्हा करावं लागेल, असं तिने स्वतःला बजावलं, आणि खाली रस्त्यावर सपाट फुटपाथ आला तरी तेच बजावत राहिली.