पास्कालने गप्प केलेला बॉट

सूर्यफूल फुललं की आमच्या गावात माणसांपेक्षा मधमाश्यांना काम जास्त, आणि त्यांच्याहून जास्त त्या औषधाच्या ट्रॅक्टरला. फवारणीच्या आधी, माश्या घरी परतल्या की पेटीचं तोंड मिटायचं. ज्याला कळलं नाही, त्याने दुसऱ्या दिवशी मेलेल्या माश्या खराट्याने लोटायच्या.

म्हणून माझ्या सुनेने, रालित्साने, एक चॅटबॉट बांधला. भाषा कसली, तर पायथन. अजगराच्या नावाची भाषा, आणि तिच्यात म्हणे शहाणपण! शेतवाला फोनवर लिहितो, कुठलं शेत, कधी फवारणार. निरोपांची कंपनी ते आणून रालित्साच्या यंत्राच्या दारात टाकते आणि बॉट गावातल्या सगळ्या माशीवाल्यांना कळवतो, कुणी विचारलं तर उत्तरही देतो. त्यांनी ‘मिटतो’ असं लिहायचं.

बुधवारी सकाळी पहिला खरा निरोप आला. वरचं शेत, उद्या संध्याकाळी. आणि बॉटला वेड लागलं. तोच निरोप पुन्हा, परत, आणखी एकदा. माझा फोन टेबलावर बेडकासारखा उड्या मारायला लागला.

“अगं, बांधून घाला त्याला कुणीतरी!” मी म्हणाले.

रालित्साचा चेहरा पांढराफटक. चीज भरून भाजलेली बनित्सा ताटात गार झाली तरी ही खुर्चीतून हलेना. दुपारी एकदम कपाळावर हात मारून घेतला.

“आई, कंपनीने निरोप टाकला की आधी ‘पोचला’ म्हणायचं असतं. माझा बॉट आधी गावभर सांगत सुटतो आणि मग ‘पोचला’ म्हणतो. तेवढा वेळ कंपनी थांबत नाही. तिला वाटतं पोचलाच नाही, ती पुन्हा टाकते.”

“म्हणजे दारावर हाक आली, आणि ओ द्यायच्या आधी तू घर सारवायला घेतलंस.”

“तसंच, आई.”

तिने बॉटच्या सूचनांत ती ओ वर घेतली, बाकीचं खाली ढकललं. हुश्श म्हणते तोच शेतवाल्याचा नवा निरोप. उद्या वारा सुटणार, फवारणी पहाटेच.

पहाटे! म्हणजे आजच, अंधार पडायच्या आत मिटायला हवं. या वेळी बॉटने एकदाच सांगितलं. एकेकाची उत्तरं येत गेली. एकट्या पास्कालचं येईना. आणि त्याच्या पेट्या तर वरच्या शेताच्या बांधाला लागून.

“त्यांनी सकाळीच बॉटला बंद करून टाकलंय. फोनही उचलत नाहीत,” रालित्सा रडायलाच लागली. “माझ्यामुळे त्यांच्या माश्या मरतील.”

“रडतेस काय, गाडीची किल्ली दे.”

वाटेत शेतवाल्याला फोन लावला, तो बंद. पास्काल बाभळीखाली जाळीची टोपी मागे सारून बसला होता.

“या नेदावहिनी! यंत्र दमलं वाटतं, म्हणून तुम्हाला पाठवलं?”

“पेट्या मीट. पहाटे फवारणी आहे.”

“सकाळी म्हणे संध्याकाळी, आता म्हणे पहाटे. रात्री म्हणेल काल झाली. या उकाड्यात पोरींना कोंडायचं, आणि ट्रॅक्टर आलाच नाही तर? मागल्या वर्षी अशाच गुदमरल्या माझ्या.”

“येणार ट्रॅक्टर.”

“कुणाच्या भरवशावर? दुकानात तुम्हीच म्हणालात, सून दिवसभर डब्याशी गप्पा मारते, हिला साधी मिरची भाजता येत नाही.”

“म्हणाले. सासू आहे मी, म्हणेन. तू रे कोण?”

तो हसला, पण जागचा हलला नाही. ऊन उतरून फुलांच्या माथ्यावर टेकलं होतं. माश्या परतत होत्या, आता एकेक, तुरळक.

“फोन काढ,” मी म्हणाले. “बॉटला पुन्हा चालू कर. माझं नको ऐकूस, त्यालाच विचार.”

जाडजूड अंगठ्याने त्याने लिहिलं, वरचं शेत कधी? उत्तर लगेच आलं. उद्या पहाटे. आज अंधाराच्या आत मिटा.

“आता बघा, तुमचा पोपट सुरू होईल.”

दुसऱ्यांदा वाजलास तर तुला विहिरीत टाकीन, असं मी मनात त्या फोनला सांगत होते. एक उशिरा आलेली माशी काचेवर उतरली, अक्षरांवरून चालली, उडाली. फोन गप्प.

पास्काल उठला. “दारं मिटायच्या पट्ट्या त्या खोक्यात आहेत. तुम्ही त्या टोकापासून धरा.”

शेवटच्या पेटीवर माश्या उकाड्याने बाहेरच दाढीसारख्या लोंबत होत्या. त्याने धूर दिला, पाणी शिंपडलं, लाडाने शिव्या दिल्या. बऱ्याच आत गेल्या. मूठभर नाहीच गेल्या, आणि दिसेनासं झालं तसं त्याने दार मिटलं.

पहाटे ट्रॅक्टर आला, फवाऱ्याचे हात पसरून शेतभर फिरला.

ऊन चढलं तसा पास्कालचा फोन आला, थेट रालित्साला. “सूनबाई, पेट्यांत नुसता गोंगाट चाललाय. उघडू कधी? तुझा बॉट काही बोलत नाही.”

ती पुन्हा पांढरी पडली. “ते मी त्याला शिकवलंच नाही.”

मी फोन हातातून घेतला. “पास्काल, ओली पोती टाक वरून आणि धीर धर. शेतवाल्याला मी गाठते. माझी सून लिहायला बसलीय.”